जॉनी अजून मोठा झालेला नाही

अमेरिकी रॉक गायक-गिटारवादक चक बेरीच्या 'जॉनी बी. गुड' या गाण्याचं नाव निघालं की सगळे सुरुवातीच्या गिटारबद्दल बोलतात. बोलावंच, ती आहेच तशी. पण ती सुरावट चक बेरीची स्वतःची नाही! गायक लुई जॉर्डनच्या १९४६च्या एका गाण्यात गिटारवादक कार्ल होगननं ती जवळजवळ तशीच वाजवलीय. बेरीनंही ही उधारी कधी लपवली नाही. त्यानं तिला वेग दिला, धार दिली, हे खरं.

माझ्या मते गाणं टिकलं ते त्यातल्या गोष्टीमुळे. लुइझियानातल्या रानात एक लाकडी खोपट. तिथला पोरगा लिहिण्या-वाचण्यात कच्चा, पण गिटार पोत्यात घालून निघतो आणि रुळांजवळ झाडाखाली बसून वाजवत राहतो. आई म्हणते, एक दिवस तुझा मोठा बँड असेल, तुझं नाव दिव्यांत झळकेल. आणि गाणं संपतं! पुढे काय झालं? पत्ता नाही. ते 'एक दिवस' तसंच लटकत राहतं, म्हणून गिटार हातात घेतलेल्या प्रत्येक पोराला ते आपलं वाटतं.

बेरीनं १९६० साली 'बाय बाय जॉनी'त पुढची गोष्ट सांगून टाकली. आई बँकेतले पैसे काढून त्याला बसमध्ये बसवते, पोरगा हॉलिवूडला पोचतो. गाणं छान आहे. पण पार्टीत कुणी त्याची फर्माईश केलेली मी तरी ऐकलेली नाही.

एक गोष्ट मात्र खुपते. मूळ शब्दांत जॉनी 'कलर्ड बॉय', म्हणजे काळा पोरगा होता. १९५८च्या अमेरिकेत रेडिओवाले ते लावणार नाहीत म्हणून बेरीनं 'कंट्री बॉय', म्हणजे गावाकडचा पोरगा केलं. त्यामुळेच जॉनी सगळ्यांचा झाला, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. काळ्या पोराची गोष्ट म्हणून लोकांनी ती डोक्यावर घेतली असती, तर जास्त मजा आली असती.

१९७७ साली व्हॉयेजर अवकाशयानांवरच्या, परग्रहवासीयांसाठी पृथ्वीचे आवाज भरलेल्या सोनेरी तबकडीत हे गाणं घ्यायचं ठरलं, तेव्हा संगीतसंग्राहक ॲलन लोमॅक्सनं नाक मुरडलं. म्हणे, रॉक म्हणजे पोरकटपणा. तबकडीचं काम पाहणाऱ्या खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगननं उत्तर दिलं, पृथ्वीवर पोरवयाची माणसं पुष्कळ आहेत. त्याच तबकडीवर आपल्या गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे, 'जात कहाँ हो'. रॉकला नुसता गोंगाट म्हणणाऱ्या शास्त्रीयवाल्या दोस्तांनी दोन्ही लागोपाठ ऐकावीत. मग भांडायला मी आहेच.