कामांचा क्रम साइटवर ‘आपोआप’ ठरत नाही

घर बांधणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक सल्ला बराच फिरतो: कामांची यादी करा, प्रत्येकापुढे तारीख लिहा, सगळ्या कारागिरांना एकदम बोलवा, कशानंतर काय हे साइटवर आपोआप ठरते आणि उशीर झालाच तर माणसे वाढवता येतात. या सल्ल्याने घरमालकाचे नुकसान होते, म्हणून हे सविस्तर उत्तर.

‘सगळे एकदम सुरू करा’ यात थोडे तथ्य आहे. स्लॅबवर पाणी मारणे चालू असताना दारांच्या चौकटी सुताराकडे तयार होऊ शकतात, कारण ही कामे एकमेकांवर अवलंबून नाहीत. मात्र ओळखीच्या एका घरात प्लंबर, वॉटरप्रूफिंगवाला आणि फरशीवाला एकाच आठवड्यात आले आणि वरच्या बाथरूममध्ये पाणी साठवून गळती तपासण्याआधीच फरशी बसली. दोन महिन्यांनी खालच्या खोलीच्या छतावर ताटाएवढा पिवळट डाग उमटला. मग नवी फरशी, तिच्याखालचा कोबा आणि शेवटी पाइपचा ठिबकणारा जोड, असे सगळे उलट्या क्रमाने उकलावे लागले. तो जोड चाचणीतच सापडला असता.

माणसे वाढवून वीटकाम लवकर उरकेल. काँक्रीट लवकर पक्के होणार नाही. आयएस ४५६:२००० या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार साधारण परिस्थितीत ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे टेकू ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस ठेवायचे असतात. हे दिवस मजुरांच्या संख्येने कमी होत नाहीत.

तारखांचे म्हणाल, तर नुसत्या तारखा एकमेकींना ओळखत नाहीत. मोठ्या गाळ्याचा स्लॅब १ मेऐवजी १० मेला ओतला गेला, तर खालचे टेकू २४ मेच्या आधी निघणार नाहीत. तरीही यादीत आतले वीटकाम १५ मेलाच दिसत राहते आणि गवंडी त्या दिवशी येऊन परत जातो. कामे एकमेकांना जोडलेली असती, तर हा बदल त्याच दिवशी पुढच्या प्रत्येक कामापर्यंत पोहोचला असता, आणि बाहेरचा गिलावा पावसात सापडणार हे मेमध्येच कळले असते.

‘क्रम आधी ठरवला की हात बांधले जातात’ हा आक्षेपही टिकत नाही. गिलाव्याआधी भिंतीतले वायरिंगचे पाइप, ही सक्ती आहे; आधी कोणती खोली रंगवायची, ही सोय आहे. हा भेद कागदावर असेल तरच अडचणीच्या दिवशी काय पुढे-मागे करता येईल हे मुकादमाला ठाऊक असते.