सायकल खांद्यावर, मामा सड्यावर

साखरेचा आकडा बघून डॉक्टर म्हणाले, "रोज चाळीस मिनिटं काहीतरी करा." सगळा घोटाळा या 'काहीतरी'नं केला. मी ते रंकाळ्याच्या एका संथ फेरीवर भागवणार होतो, तेवढ्यात बातमी आयर्लंडमधल्या भाच्यापर्यंत पोचली.

"मामा, तू एमटीबी घे."

मला वाटलं पोस्टातली नवीन बचत योजना. निघाली डोंगरात चालवायची सायकल. एकवीस गिअर, चौदा किलो, आणि टायर असे, की दुरून बघणाऱ्याला ट्रॅक्टरचं पोरगं वाटावं. किंमत ऐकून सौ. म्हणाल्या, "एवढ्यात रेडकू आलं असतं. मोठं झाल्यावर दूध तरी दिलं असतं." सोबत बुडाला गादी शिवलेली एक चड्डी मिळाली. ती घालून मी बोळातून निघालो, तर शेजारच्या अण्णांनी पेपर खाली ठेवून विचारलं, "मूळव्याधीचं ऑपरेशन कधी झालं?"

भाचा तिकडं रविवारी स्लीव्ह ब्लूम नावाच्या डोंगरात सायकल मारतो. व्हिडिओ पाठवतो आणि 'पर्वत, पर्वत' करतो. मी नकाशा काढून बघितलं. त्या पर्वतांचं सगळ्यात उंच टोक ५२७ मीटर. आपलं कोल्हापूर समुद्रसपाटीपासून त्याहून उंचावर आहे. म्हणजे भवानी मंडपात उभं राहून भेळ खाणारा माणूस ह्यांच्या शिखराच्याही वर असतो आणि त्याला त्याचा पत्ता नसतो. हे सांगितल्यावर भाचा दोन दिवस बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी बोलला तो एकदम पीटवर आला. त्या डोंगरांच्या माथ्यावर म्हणे पीटची दलदल आहे. हजारो वर्षं शेवाळ पाण्यात अर्धवट कुजत, दबत जाऊन तयार झालेली काळी माती. तिथले लोक तिच्या विटा कापून, वाळवून चुलीत घालायचे. म्हणजे आपल्या शेणीच, फक्त मधे म्हैस नाही. हा थर वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. चाकानं वीतभर खोल चर पाडली, तर दोनशे वर्षांची कमाई गेली. शिवाय चरीतून पाणी वाहून जातं, आजूबाजूची दलदल वाळायला लागते आणि हजारो वर्षं दाबून ठेवलेला कार्बन हवेत सुटतो. म्हणून माथा संरक्षित, आणि सायकलच्या वाटा खालच्या उतारावर, सरकारी वनकंपनीच्या लागवडीतून खडी टाकून बांधलेल्या.

"आणि मामा, त्या दलदलीत किडे खाणारी झाडं असतात!"

इथं मात्र मी त्याला धरला. म्हटलं, किडे खाणारी झाडं बघायला तुला विमान लागलं होय? पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर ये. सांगताना चुकून 'मी रविवारी तिकडंच निघालोय' असंही बोलून गेलो. माझ्या तोंडाला ब्रेक नाही, हे सौ. लग्नापासून सांगतायत.

श्रावणातला रविवार. पंचगंगेचा पूल, केर्ली, इथवर माझा दिमाख बघण्यासारखा होता. वाघबीळचा चढ आला आणि एकवीस गिअरांपैकी वीस कशाला दिलेत, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. सगळ्यात हलक्या गिअरवर पाय गिरणीसारखे गरगर फिरत होते आणि कडेचा दगड होता तिथंच होता. एक आजी डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन मागून आल्या, बरोबरीनं चालल्या, आणि "सावकाश या हं" म्हणून पुढं गेल्या. शेवटी दुधाचा रिकामा टेम्पो देवासारखा थांबला. कॅनांच्या मधे सायकल, सायकलच्या मधे मी, असे आम्ही म्हाळुंग्याजवळ उतरलो.

पठारावर धुकं एवढं, की माझं पुढचं चाकच मला अंदाजानं माहीत होतं. आणि खाली सडा, म्हणजे खडकाचा उघडा माळ. जांभ्या दगडावर बोट-दोन बोटं माती, तिच्यात साचलेलं पाणी, आणि त्या पाण्यात सीतेची आसवं नावाच्या फुलांचा जांभळा सडा, मधूनमधून गेंदाच्या पांढऱ्या टाचण्या. हे पठार २०२२ साली संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालंय. म्हणजे भाच्याची दलदल आणि माझा सडा तसे चुलतभाऊच. जमीन दोघांचीही उपाशी. पीटात नायट्रोजन मिळत नाही, जांभ्यावरही मिळत नाही, म्हणून दोन्हीकडची झाडं किड्यांवर भागवतात. मातीचा थर तर आपला तिकडच्यापेक्षा कितीतरी पातळ. एका चाकाच्या चरीतून अख्खं डबकं उताराला लागेल.

मळलेली वाट होती तोवर बरं चाललं. पुढं वाटेतच पाणी भरलेलं, आणि वाट चुकवून गेलेल्या गाड्यांनी तिच्या शेजारी आणखी तीन वाटा पाडलेल्या. चौथी माझ्या नावावर नको, म्हणून मी सायकल उचलली, खांद्यावर घेतली आणि दगडादगडावरून निघालो. १६६० साली ह्याच पठारावरून पालखी एका रात्रीत पार झाली होती, तीही धो धो पावसात, शत्रू मागे असताना. माझ्या मागे कोणी नव्हतं, तरी तिसऱ्या दगडावर धाप लागली.

धुक्यातून आधी म्हशी आल्या, मग घोंगड्याची खोळ, आणि खोळीतून आवाज.

"पावणं, सायकल मोडली जणू?"

"नाही, चालू आहे."

"मग खांद्यावर का?"

"खाली झाडं आहेत हो. चिरडतील."

म्हाताऱ्यानं त्या उघड्या माळावर चारी बाजूंना बघितलं. मी बोट दाखवलं. नखाएवढं, लालसर काहीतरी. तो वाकला, त्यानं बघितलं, मान हलवली. तेवढ्यात त्याच्या म्हशीनं नेमका तिथंच पाय ठेवला. आम्ही तिघंही जरा वेळ गप्प.

"तिला बी सांगा की," म्हातारा म्हणाला.

म्हस गेल्यावर मी सायकल दगडाला टेकवली आणि पुढचं रोपटं बघायला चक्क पालथा पडलो. दवबिंदू नावाचं किडे खाणारं झाड. पानांवर लाल केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब, आणि एका पानाला चिलटाएवढी माशी चिकटलेली. एक पाय अजून हलत होता. बाजूचे केस तिच्यावर वाकत होते, पण इतक्या सावकाश, की वाकताना दिसत नव्हते. आधी सरळ होते, एवढंच नंतर कळायचं. मी घरून साबुदाण्याची खिचडी घेऊन निघालेला माणूस. महिनाभर घरात अंड्याचं नाव नाही, पांढरा रस्सा तर स्वप्नातही सौ.ना विचारून येतो. आणि इथं बोटभर उंचीचं झाड ऐन श्रावणात बिनधास्त हाणत होतं.

किती वेळ पडून होतो कोण जाणे. मागून पोरांचा घोळका आला. "काका पडलेत! उचला, उचला!" चौघांनी मला धरून उभं केलं, एकानं तोंडावर पाणी मारलं, दुसरा फोनला रेंज शोधत पठारभर फिरला. झाड बघत होतो म्हणालो, तर त्यांनी एकमेकांकडं बघितलं आणि मला साखर खायला दिली. डॉक्टरांनी बंद केलेली. मी खाल्ली.

संध्याकाळी भाच्याचा फोन. "मामा, ॲव्हरेज स्पीड किती?"

मोबाइलमधल्या ॲपनं पठारावरचा वेग ताशी एक किलोमीटर दाखवला होता आणि खाली विचारलं होतं, आपण नक्की सायकल चालवत आहात का? मी भाच्याला म्हटलं, रेंज नाही, नंतर बोलतो.

सौ. दारातच उभ्या होत्या. त्यांनी आधी टायर बघितले. स्वच्छ. मग शर्ट बघितला. कॉलरपासून खालच्या बटणापर्यंत चिखल. मग पुन्हा टायर.

"टेम्पोतून गेलात ना?"

"थोडाच वेळ," मी म्हणालो.

"आणि आलात?"

खिचडीचा डबा तसाच भरलेला त्यांच्या हातात दिला आणि मी मुकाट्यानं मोरीकडं वळलो.