‘पैसे भरा आणि स्वस्थ झोपा’ म्हणे!

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपांवरून आला. एक आमच्या कॉलनीचा, दुसरा सेवानिवृत्त शिक्षकांचा आणि तिसरा भाच्याच्या लग्नासाठी काढलेला. लग्न होऊन दीड वर्ष झालं, पण त्या ग्रुपातून बाहेर पडायची कुणाची हिंमत होत नाही. मेसेज लांबलचक आहे, वर लाल दिवे, खाली हात जोडलेले. त्याचा गाभा असा: सरकारी गृहनिर्माण मंडळावर बसलेली माणसं शोभेची असतात, त्यांना जाब विचारता येत नाही. म्हाडानं किल्ली दिली की म्हाडाचा संबंध संपला. सोसायटीला माहिती अधिकार लागू नाही, त्यामुळं हिशेब मागायची सोय नाही. रहिवाशांना कारभारात घेतलं की भांडणंच होतात आणि जगात कुठंही तसं करत नाहीत. तेव्हा सगळं एखाद्या एजन्सीकडं सोपवावं, महिन्याचे पैसे भरावेत आणि स्वस्थ झोपावं.

मी लातूरला म्हाडाच्या वसाहतीत राहतो. शाळेतून निवृत्त झाल्यावर सहा वर्षं सोसायटीचा सचिव होतो. त्यामुळं या मेसेजातलं काय खरं, काय अर्धवट आणि काय निव्वळ थाप, हे सांगायचा थोडा अधिकार मला आहे. क्रम मात्र माझा. आधी हिशेबाचा मुद्दा घेतो, कारण तिथं माझं स्वतःचं हसं झालेलं आहे.

सोसायटीला माहिती अधिकाराचा कायदा थेट लागू होत नाही, हे बरोबर. केरळातल्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये ते स्पष्ट केलं. पण मेसेज लिहिणारानं निकाल अर्ध्यावर सोडला. सोसायट्यांवर देखरेख करणारे सहकार निबंधक हे सार्वजनिक प्राधिकरण आहेत आणि कायद्यानं जी माहिती त्यांना सोसायटीकडून मिळवता येते, ती त्यांच्याकडं मागता येते, असंही त्याच निकालात आहे. म्हणजे उपनिबंधकांच्या कार्यालयात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज द्यायचा. आणि खरं सांगायचं तर तितक्या लांब जायची गरजच नाही. सभासदाला माहिती अधिकार लागतोच कशाला? १९६० च्या सहकारी संस्था कायद्यानं त्याला आधीपासून हक्क दिलेला आहे: लेखापरीक्षण झालेला ताळेबंद, सभांची इतिवृत्तं, सभासदांची नोंदवही, स्वतःच्या खात्याच्या नोंदी कार्यालयात बसून फुकट पाहायच्या, आणि फी भरून नकला घ्यायच्या. २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी कायद्यात वेगळं प्रकरण घातलं, त्यातही हा हक्क आहे. मागायला कुणी येत नाही, ही गोष्ट निराळी.

आमच्याकडं एकदा कुणी आलं होतं.

२०१६ चा उन्हाळा लातूरकरांना सांगायला नको. मांजरा धरण कोरडं पडलेलं, नळाला पाणी नाही, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. देशभर फोटो छापून आले. पण गाडी येण्याआधी आणि आल्यानंतरही आमच्यासारख्या वसाहती जगल्या त्या खासगी टँकरवर. टँकर यायचा, ड्रायव्हर पाइप टाकीत सोडायचा, चिठ्ठीवर ‘१०,००० लि.’ लिहिलेलं असायचं, आम्ही सही करायचो. कधी मी, कधी खजिनदार, कधी जो घरी असेल तो. महिनाअखेरीला चिठ्ठ्या मोजून चेक.

तळमजल्यावर एक काकू राहायच्या. यजमान एसटीत कंडक्टर होते, त्यामुळं तिकिटाच्या पैशाचा हिशेब घरातच मुरलेला. एक दिवस दाराशी आल्या आणि म्हणाल्या, “सर, सह्या करायलाव ते ठीक, पण मोजायलाय कोण?” मी हसण्यावारी नेलं. पाणी काय फूटपट्टीनं मोजणार?

त्यांनी मोजलं. जमिनीखालची टाकी बारा फूट बाय दहा फूट. टँकर यायच्या आधी त्यांनी मोटर बंद करायला लावली, झाकण उघडून बांबू तळाला टेकवला आणि ओल जिथवर लागली तिथं चिंधी बांधली. टँकर रिकामा झाल्यावर पुन्हा बांबू. मग नातवाला बसवून गणित: एकशेवीस चौरस फुटांची टाकी, एक घनफूट म्हणजे अठ्ठावीस लिटर आणि वर थोडं, तर दहा हजार लिटरला पाणी जवळपास तीन फूट चढायला हवं. चढलं होतं पावणेदोन फूट. म्हणजे सहा हजार लिटर. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी त्या बांबू घेऊन मलाच टाकीपाशी घेऊन गेल्या. आयुष्यभर पोरांना घनफळ शिकवलं मी, आणि टाकीचं घनफळ काढलं सातवी शिकलेल्या बाईनं.

टँकरवाल्यानं रस्त्यात गळतं, व्हॉल्व्ह खराब आहे, असं बरंच सांगितलं. त्यानंतर पैसे बांबूवर मोजून द्यायचे ठरलं आणि त्यानं मुकाट्यानं मान्यही केलं. पण मागच्या दोन महिन्यांचं काय? प्रत्येक चिठ्ठीवर आमची सही होती. दहा हजार लिटर मिळाल्याचं आम्हीच लिहून दिलेलं. वार्षिक सभेत काकू उभ्या राहिल्या, चिठ्ठ्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवा म्हणाल्या आणि इतिवृत्तात हे सगळं लिहून घ्या म्हणाल्या. चेअरमन, खजिनदार आणि मी, तिघांनी खिशातून काही रक्कम भरली. कायद्याच्या धाकानं म्हणत नाही, काकूंच्या नजरेच्या धाकानं.

पण कायद्याचा धाक असता तरी तो खराच होता. कार्यकारी समितीचे सदस्य समितीच्या निर्णयांना एकत्रितपणे आणि व्यक्तिशः जबाबदार असतात, हे त्याच सहकारी संस्था कायद्यात लिहिलेलं आहे. ‘माझ्यासमोर आणून ठेवलं, मी सही केली’ हा बचाव चालत नाही. दरवर्षी लेखापरीक्षण कलम ८१ खाली, गैरकारभाराची चौकशी कलम ८३ खाली आणि नुकसान संबंधितांकडून वसूल करायची सोय कलम ८८ खाली. घोटाळा दिसला तर लेखापरीक्षकानं वेगळा अहवाल देऊन पोलिसांपर्यंत जायचं, हेही २०१३ पासून कायद्यात आहे. या वाटा चालायला वेळ लागतो, उपनिबंधक कार्यालयात चपला झिजतात, तारखा पडतात, हे मी कबूल करतो. वेळ लागतो आणि सोयच नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेसेजनं त्या मुद्दाम एक केल्या.

आता मंडळाचा मुद्दा. म्हाडा १९७६ च्या कायद्यानं झाली, १९७७ च्या डिसेंबरात कामाला लागली. तिच्याखाली विभागीय मंडळं आहेत, त्यांतलं एक छत्रपती संभाजीनगरला. मराठवाड्याचे आठही जिल्हे त्याच मंडळाकडं, हिंगोलीपासून धाराशिवपर्यंत. मेसेज म्हणतो, कारभार अधिकारी पाहतात, मंडळावरचे लोक चहापुरते. काही जण चहापुरते वागत असतीलही. पण अधिकाऱ्यानं काम करायचं आणि मंडळानं ते काम पाहायचं, अशी ही विभागणी आहे. अंदाजपत्रक कुठं फुगलं, निविदा एकालाच का जाते, लेखापरीक्षणातला आक्षेप तिसऱ्या वर्षीही तसाच का, घरं रिकामी पडून आहेत ती कुणाच्या नावावर, हे विचारणं हे त्या खुर्चीचं कामच आहे. आणि त्यांनी विचारलं की नाही, हे आपल्याला कळू शकतं, कारण म्हाडाला माहिती अधिकार पुरेपूर लागू आहे. बैठकीचं इतिवृत्त मागा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, नंतर राज्य माहिती आयोग, त्याचं खंडपीठही संभाजीनगरातच आहे. एक व्यवहाराची गोष्ट: आपल्या राज्याच्या नियमानं अर्ज दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर लागतो. आमच्या ग्रुपातले लोक दीडशे शब्दांत गुड मॉर्निंगसुद्धा संपवत नाहीत, तेवढं सांभाळा.

किल्ली दिली की संबंध संपला, ही थाप मात्र नुकसान करणारी आहे, कारण ती ऐकून लोक पहिल्याच पावसाळ्यात भिंतीला ओल आली तरी गप्प बसतात. २०१६ च्या रेरा कायद्यात, म्हणजे बिल्डरांवर वचक ठेवायला केलेल्या कायद्यात, प्रवर्तक म्हणजे नुसता खासगी बिल्डर असं नाही. घरं बांधून देणारी सरकारी प्राधिकरणंही त्या व्याख्येत येतात. या कायद्याखाली येणाऱ्या प्रकल्पात ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष कळवला, तर तो तीस दिवसांत आणि फुकट दुरुस्त करून द्यायची जबाबदारी बांधणाराची. जुन्या इमारतींना हे लागू नाही, आमच्याही नाही. पण जुन्यांचाही धागा सोसायटीच्या नावानं अभिहस्तांतरण, म्हणजे मालकीचा कागद, होईपर्यंत तुटत नाही, आणि ते करून घ्यायला अर्ज सोसायटीलाच द्यावा लागतो. तेवढं झालं नाही तर उद्या पुनर्विकासाच्या वेळी पहिली अडचण तिथंच येते.

रहिवासी आले की भांडणं होतात आणि जगात कुठंही असं नसतं, यातलं पहिलं वाक्य खरं आहे. भांडणं होतात. पार्किंगवरून आमच्याकडं एका सभेत खुर्ची उचलली गेली होती. दुसरं वाक्य तपासून पाहा. अमेरिकेत सरकारी घरांचा कारभार स्थानिक हाउसिंग ऑथॉरिटी पाहतात, त्यांच्या मंडळावर कमिशनर असतात. लहान ऑथॉरिटींसारखे काही अपवाद सोडले, तर १९९८ च्या कायद्यानं त्या मंडळावर सरकारी मदतीच्या घरात राहणारा निदान एक रहिवासी असणं सक्तीचं आहे. तो भाडेकरू आहे एवढ्यावरून त्याला कुठल्याही विषयातून बाहेर काढता येत नाही. वर्षाच्या आराखड्यावर जाहीर सुनावणी घ्यावी लागते, तिची सूचना ४५ दिवस आधी.

पण अमेरिकेपर्यंत जायचं कशाला? किल्लारी इथून चाळीसेक किलोमीटर आहे.

३० सप्टेंबर १९९३. रात्री गणपती बोळवून लोक झोपलेले, पहाटे चारच्या सुमाराला भूकंप. पुढं जे पुनर्वसन झालं त्याचे दोन भाग होते, आणि हा फरक आपल्याकडं फार कमी बोलला जातो. बावन्न गावं पूर्ण उठवून नव्या जागी बसवली. तिथं घरं ठेकेदारांनी, संस्थांनी बांधून दिली. ज्याची शेती जेवढी त्या मापानं अडीचशे, चारशे आणि साडेसातशे चौरस फूट, रस्ते सरळ रुंद, शहरासारखी आखणी. घरं भक्कम, पण गाव इतकं पसरलं की शेजारीण हाकेच्या अंतरावर राहिली नाही, कडबा कुठं ठेवायचा आणि जनावर कुठं बांधायचं हे नकाशात नव्हतं. पुढं लोकांनी ज्याच्या त्याच्या सोयीनं भिंती घातल्या, पत्रे टाकले.

दुसरा भाग दुरुस्तीचा. जिथं घरं पडली नव्हती पण खिळखिळी झाली होती, अशी जवळपास दोन लाख घरं. तिथं पैसा टप्प्याटप्प्यानं घरमालकाच्या हाती दिला, काम त्यानं करून घ्यायचं, अभियंत्यानं तपासायचं. आणि गावात समजावून सांगायला, अडलेलं वर कळवायला महिला मंडळांतल्या बाया नेमल्या. ‘संवाद सहायक’ म्हणायचे त्यांना. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं ते जाळं उभं केलं होतं. माझी मोठी बहीण औसा तालुक्यात दिलेली. ती सांगते, त्यांच्या गावात संवाद सहायक बाई मिस्त्रीच्या मागं उभी राहून भिंतीत आडवा दगड घातला का बघायची. मिस्त्री वैतागायचा. “बायकांना काय कळतंय,” म्हणायचा. आणि घालायचा.

भांडणं तिथंही झाली असतीलच. कामं अडली नाहीत.

राहिला एजन्सीचा सल्ला. एजन्सी लावायला माझी ना नाही. लिफ्ट, मोटर, झाडलोट यांसाठी माणूस लागतो, आणि साठीपुढच्या सचिवानं रात्री अकराला पंप चालू करायला उठावं, असं मीही म्हणणार नाही. काम देता येतं. पाहायची जबाबदारी देता येत नाही, ती सभेची आणि समितीचीच राहते. आमच्या ग्रुपवर हा मेसेज आला त्याच्या तिसऱ्या दिवशी एका एजन्सीचं कोटेशनही आलं, हा योगायोग असू शकतो. कोटेशन नीट वाचलं. सुरक्षारक्षक, सफाई, वर्षातून दोनदा टाकी धुणं, सगळ्याचे दर आहेत. उन्हाळ्यात येणारा टँकर कोण मोजणार, त्याची ओळ नाही. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, सूचना लवकरच लागेल. विषय म्हणून एवढंच लिहून दिलंय मी. काकू आता मुलाकडं पुण्याला असतात. फोन केला तर म्हणाल्या, बांबू टाकीमागंच आहे, कुणी जळणाला नेला नसेल तर.