स्पिन कमी तो खेळाडू भारी? सुधीररावांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सुधीरराव,

तुमचे आक्षेप दोन. गोल्फमध्ये लाँच मॉनिटरचे (चेंडूचा वेग, कोन आणि स्पिन मोजणाऱ्या यंत्राचे) आकडे म्हणजे नवी स्टिक खपवायचा कंपन्यांचा धंदा, हा पहिला. दुसरा असा, की कमी स्पिनने (चेंडूच्या उलट्या गिरकीने) चेंडू लांब जातो हे ठरलंच असेल तर सगळ्या प्रोंना, म्हणजे व्यावसायिक खेळाडूंना, एकच ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायची स्टिक) का पुरू नये?

पहिला अर्धा मान्य. करारांचे पैसे मोठे असतात आणि बॅगेवर ते दिसतातही. पण अमेरिकन गोल्फर ब्रुक्स केप्का बघा. नायकीने ऑगस्ट 2016 मध्ये गोल्फच्या स्टिक बनवणं थांबवलं. त्यानंतर स्टिकचा करार न करता त्याने 2017 आणि 2018 ची यूएस ओपन जिंकली. आयर्न (ड्रायव्हरपेक्षा कमी अंतराच्या फटक्यांच्या स्टिक) मिझुनोचे, ड्रायव्हर टेलरमेडचा आणि 3-आयर्न मात्र नायकीचाच. बंद पडलेल्या मालाची जाहिरात कोण कशाला करेल?

आता दुसरा, जो मला जास्त आवडला. चेंडूला लागताना फेस (स्टिकचा चेंडूवर आदळणारा भाग) किती अंश वर बघतोय आणि स्टिक वर चाललीय की खाली येतेय, या दोन कोनांत जेवढा फरक तेवढा स्पिन जास्त. पीजीए टूरचा (अमेरिकेतल्या पुरुष प्रोंच्या स्पर्धांचा) सरासरी खेळाडू ड्रायव्हरसुद्धा किंचित खाली येताना मारतो, साधारण 1 अंश. एलपीजीएच्या (बायकांच्या टूरच्या) खेळाडू सुमारे 3 अंश वर मारतात. पुरुषांचा चेंडू ताशी 170 मैलांच्या आसपास, 11 अंशांच्या जरा खालीच निघतो. बायकांचा ताशी 140 मैलांनी, 13 अंशांच्या पुढे. गंमत म्हणजे स्पिन दोन्हीकडे मिनिटाला 2600 फेऱ्यांच्या घरात! वेग कमी असला की चेंडूला हवेत टिकायला उंची लागते, आणि ती त्या वर मारून, जास्त लॉफ्ट (फेसचा मागे झुकलेला कोन) घेऊन मिळवतात.

अमेरिकन गोल्फर ब्रायसन डीशॅम्बोने 2020 ची यूएस ओपन 5.5 अंश लॉफ्टच्या ड्रायव्हरने जिंकली. त्याचा वेग अफाट, शिवाय तो वर जाताना मारतो. हाच ड्रायव्हर तुमच्या-माझ्या हातात दिला तर चेंडू गवतातले किडे मोजत जाईल.

आणि स्पिन जितका कमी तितका बरा, हेही खरं नाही. फेसच्या वरच्या भागावर लागलेला चेंडू आधीच कमी स्पिनने निघतो. सरासरीच 1900 असेल तर तो फटका अर्ध्यातच खाली बसतो. म्हणून बरेच प्रो चार यार्ड सोडून देतात आणि चुकलेला फटकाही फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवतावर) राहील असं ड्रायव्हरचं हेड निवडतात. 7-आयर्नला तर उलटाच हिशोब. तिथे 7000 च्या आसपास स्पिन हवाच, नाहीतर चेंडू ग्रीनवर (भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर) थांबत नाही. ड्रायव्हरला कमी आणि आयर्नला जास्त, दोन्ही एकाच चेंडूकडून मिळवायचं, म्हणून शहाणे फिटर (खेळाडूला साजेशी स्टिक निवडून देणारे) आधी चेंडू ठरवतात आणि मग स्टिककडे वळतात.

तुम्ही लिहिलंय, ‘प्रो 9 अंश वापरतात म्हणून मीही 9 च घेतला, पण चेंडू वर जातच नाही.’ पुढच्या वेळी कुणाचा तरी 10.5 किंवा 12 अंशांचा मागून घ्या आणि मारून बघा. नवा विकत घेऊ नका, कंपन्यांचं आयतंच फावेल.