मरताना 'तिसऱ्या डोळ्यातून' डीएमटी सुटतं, हे सिद्ध झालेलं नाही

सध्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की मरताना मेंदूतल्या पिनियल ग्रंथीतून, म्हणजे आपल्या आज्ञाचक्रातून, डीएमटी या भास घडवणाऱ्या रसायनाचा पूर येतो आणि शास्त्रज्ञांनी ते सिद्ध केलंय. तर तसं नाहीये.

डीएमटी खरं आहे, बऱ्याच वनस्पतींत सापडतं, ॲमेझॉनमधल्या आयाहुआस्का काढ्यातही असतं, नुसतं गिळलं तर पोटातच मोडून जातं म्हणून तिथले लोक त्यात ते मोडू न देणारी एक वेल उकळतात (हे त्यांनी कसं शोधलं देव जाणे!). १९५६ मध्ये हंगेरीचे संशोधक स्टीफन सारा यांनी ते स्वतःला टोचून त्याचे भास नोंदवले. पिनियलची कल्पना अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रिक स्ट्रासमन यांची, १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत त्यांनी स्वयंसेवकांना डीएमटीची इंजेक्शनं दिली, पण पिनियलबद्दलचा तो त्यांचा अंदाजच होता. २०१९ मध्ये हृदय बंद पाडलेल्या उंदरांच्या मेंदूत डीएमटी वाढलेलं दिसलं खरं, पण पिनियल काढून टाकलेल्या उंदरांतही ते वाढलंच! माणसात असं कुणी मोजून दाखवलेलं नाही.

आणि मेसेजच्या शेवटी 'नॅचरल आहे, घेऊन बघा' लिहिलंय ते तर नकोच, भारतात एनडीपीएस या अमली पदार्थांविरोधी कायद्याखाली ते गुन्हा आहे, आणि डिप्रेशनच्या काही गोळ्यांसोबत आयाहुआस्का जिवावर बेतू शकतो. ज्यांच्याकडे तो मेसेज आलाय त्यांनी प्लीज पुढे पाठवू नका.