कमिशन दिसतं, हेलपाटे कुणाला दिसत नाहीत

परवा एका लेखात वाचलं की सगळं मोबाईलवर मिळतंय तर विमा एजंट हवाच कशाला. मी कराडला १९ वर्षं हेच करतोय म्हणून लिहितो. १ ऑक्टोबर २०२४ पासून सरेंडरचे, म्हणजे पॉलिसी मुदतीआधी मोडण्याचे नियम बदलले, वर्षभराचा हप्ता भरून पॉलिसी मोडली तरी ग्राहकाला काहीतरी परत मिळतं, चांगलंच झालं, पण त्याचा भार आला आमच्या पहिल्या वर्षाच्या कमिशनवर. मग २२ सप्टेंबर २०२५ ला वैयक्तिक विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला, लोक खूश, आम्हीपण खूश, तर काही कंपन्या म्हणे आता इनपुट क्रेडिट (कंपनीने स्वतःच्या खर्चावर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही, म्हणजे परत कात्री आम्हालाच. वर ग्राहक विचारणार, पहिला हप्ता तुम्हीच भरताय ना? अहो विमा कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे ते चालत नाही, पण शेजारचा एजंट देतो म्हटल्यावर काय बोलणार.

मध्यंतरी एका ताईंचा नवरा गेला, पॉलिसीवर नॉमिनी 'सुनंदा' आणि आधारवर 'नंदा'. ॲपवर क्लेमपुढे नुसतं 'अंडर प्रोसेस'. मृत्यूदाखला, ॲफिडेव्हिट, कॅन्सल चेक (चेकबुकच नव्हतं त्यांच्याकडे, मग पासबुकाची झेरॉक्स) असं करत चार वेळा गाडी काढून ब्रँचला गेलो, पेट्रोल माझंच. पैसे जमा झाले त्याच संध्याकाळी त्यांच्या पोराचा फोन, काका मला टर्म प्लॅन घ्यायचाय, ऑनलाइन कुठला स्वस्त पडेल तेवढं सांगा ना 😄