कूतमध्ये आकाशातून पडलेलं जातं

पानिपतावर आपण रात्र रात्र कॉमेंटींत भांडतो. कूतचं नाव काढलं की मात्र "हे कुठे आलं?" बगदादच्या खाली, तैग्रीस नदीच्या वळणावरचं हे गाव. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१५ पासून १४७ दिवस तुर्कांनी तिथे इंग्रजांची फौज कोंडली होती. फौजेचं नाव काय, तर सहावी पुणे डिव्हिजन! तीत मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या : १०३, ११० आणि ११७.

माझ्या मते त्या वेढ्यातली खरी लढाई पिठाची होती. गावात जव सापडले, पण दळायचे कशावर? मग विमानातून जात्याचे दगड टाकले. होय, जात्याचे! विमानातून बाँब टाकणंही तेव्हा नवंच होतं. एप्रिलमध्ये पोतीही टाकू लागले, त्यातली काही नदीत पडली, काही तुर्कांच्या खंदकात. माणशी पीठ त्या महिन्यात पाच औंसांवर आलं, म्हणजे दीडशे ग्रॅमही नाही.

घोडे कापायला लागले तेव्हा गोरे शिपाई खाऊ लागले, आपले बहुतेक अडून बसले. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी बिनतारी संदेशाने आली, तरी नाही. गावी कळलं तर वाळीत टाकतील, ही धास्ती. याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. ज्या गावात परत जाऊन राहायचं, तिथली पत सांभाळणं हा त्यांच्या लेखी जगण्याचाच भाग होता. एप्रिलच्या मध्यावर भुकेपुढे तेही हरले.

गंमत (गंमत कसली म्हणा) आजारांची. मांस नाही, भाजी नाही, म्हणून आपल्या लोकांना स्कर्व्ही झाला. मांस खाणाऱ्या गोऱ्यांना तो फारसा नाही, पण पांढऱ्या पावामुळे त्यांना बेरीबेरी. त्यांच्याही ताटात जवाचं जाडंभरडं पीठ आलं आणि बेरीबेरी हटला. एकाच वेढ्यात दोन ताटं, दोन रोग. दोन्ही जीवनसत्त्वांच्या कमतरतेचे, पण जीवनसत्त्वांचा शोध तेव्हा कुठे लागत होता.

सुटकेसाठी तुर्कांना २० लाख पौंड देऊ केले, त्यांनी ते झिडकारले. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. फौजेचा सेनापती जनरल टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिला, शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं आणि रेल्वेच्या कामाला जुंपलं. हजारो गेले.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती या मोहिमेत मेलेल्यांच्या बसऱ्याच्या स्मारकाची. तिथे अधिकाऱ्यांची नावं कोरली, हिंदी शिपायांचे पलटणीमागे नुसते आकडे. नावं गेली नोंदवहीत. ती नोंद आता राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या (Commonwealth War Graves Commission) संकेतस्थळावर शोधता येते. सातारा-रत्नागिरीकडच्या मंडळींनी पलटणीचा नंबर टाकून बघाच. आणि गावच्या चावडीवर महायुद्धावर गेलेल्यांची '१९१४-१९१९' अशी पाटी असेल, तर रंगाचा हात मारण्याआधी तिचा फोटो काढून इथे टाका.